हरलेल्या संघाची यादी

पराभवानंतर नव्या संघाची यादी करावयास बसणें हा एक विलक्षण प्रकार आहे. खेळ चालू असतांना जें शहाणपण कोणासही सुचलें नाहीं, तें त्या दिवशीं टेबलाभोंवतीं बसलेल्या प्रत्येकापाशीं ओसंडून वाहत असतें. आमच्या महाविद्यालयाचा क्रिकेट-संघ यंदा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेंत पहिल्याच सामन्यांत गारद झाला. सगळा डाव 84 धावांत आटोपला. क्रीडासमितीचें अध्यक्षपद आमच्याकडे असल्यामुळें यादी लिहिण्याचें कामही आमच्याकडेच आलें, आणि एका बैठकींत आम्हीं सहा नांवांवर रेघ ओढली. त्यांतलें पहिलें नांव यष्टिरक्षकाचें होतें. कारण त्यानें सोडलेला झेल सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. रिकाम्या जागीं बाहेरगांवचे तीन तयार खेळाडू नांवापुरता प्रवेश देऊन आणावेत, असेंही ठरत आलें होतें.

बैठकींत महाराष्ट्राच्या रणजी-संघाचा दाखला निघाला नसता तरच नवल. 2025 मध्यें मुंबईचा पृथ्वी शॉ आणि केरळकडून खेळणारा जलज सक्सेना हे महाराष्ट्राच्या संघांत आले. "मोठेच असें करतात, मग आपणच काय म्हणून सोवळें पाळावें?" असें एका सहकाऱ्यानें विचारलें, आणि आम्हांसही त्यावर उत्तर सुचलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं तो यष्टिरक्षक आमच्या खोलीच्या दाराशीं येऊन उभा राहिला. परतूर तालुक्यांतील एका खेड्यांतला हा मुलगा, स्वभावानें अबोल. तो गाऱ्हाणें घेऊन आला असावा अशा समजुतीनें आम्हीं मनांत उत्तरें जुळवून ठेविलीं. त्यानें मात्र महाविद्यालयाचे हातमोजे टेबलावर ठेविले.

"सर, डाव्या मोज्याची शिवण उसवली होती, ती शिवून आणली आहे. जो नवीन येईल त्याला तेवढें सांगा."

"आणि तो झेल कसा रे सुटला?" आम्हीं विचारलें.

तो थोडा वेळ खालीं पाहत राहिला. "मैदान बंद होतें, सर. दीड महिना चेंडू हातांत आलाच नव्हता."

मैदान बंद होतें हें आम्हांस ठाऊक होतें. कारण तें बंद करणाऱ्या कागदावर आमचीच सही होती. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत तें एका प्रदर्शनास भाड्यानें दिलें होतें. पैसा कांहीं वाईट कामास लागला नाहीं. त्यांतून प्रयोगशाळेचें अर्धें छप्पर दुरुस्त झालें. परंतु तंबूंच्या खुंटांनीं खेळपट्टीची चाळण झाली, आणि टँकरची वाट पाहण्याची सवय जडलेल्या जालन्यांत 'मैदानावर पाणी मारा' असें म्हणावयास जीभ रेटली नाहीं. सहा मुलांचीं नांवें खोडतांना सातवें नांव, म्हणजे आमचें स्वतःचें, आम्हांस सुचलें नव्हतें.

त्या रात्रीं महाराष्ट्राच्या संघाचा इतिहास आम्ही निराळ्या नजरेनें आठवूं लागलों. जानेवारी 2023 मध्यें ब्रेबोर्न मैदानावर महाराष्ट्राचा पहिला डाव 384 धावांवर संपला, आणि मुंबईचाही नेमका 384 वरच! सामना अनिर्णित राहिला आणि दोन्ही संघ बाद फेरीस मुकले. पुढचे दोन हंगामही साखळींतच आटोपले. एका धावेच्या अशा हिशेबांत रेघ कोणाच्या नांवावर ओढावयाची?

1939-40 व 1940-41 अशीं लागोपाठ दोन वर्षें महाराष्ट्रानें रणजी करंडक जिंकला, तेव्हां कर्णधार होते पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयांतील संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर, आणि त्यांचें वय होतें 48 च्या घरांत. आमच्यासारखी समिति त्या वेळीं असती, तर तिनें पहिली रेघ त्यांच्याच नांवावर ओढली असती. 2013-14 मध्यें महाराष्ट्र 'क' गटांतून वर आला आणि वानखेडेवर त्यानें मुंबईस 8 गडी राखून हरविलें. केदार जाधव 120 धावांवर आणि विजय झोल 91 धावांवर नाबाद राहिले. झोल आमच्या जालन्याचा! अंतिम सामन्यांत संघ कर्नाटकाकडून हरला खरा, पण ती धाव एका हंगामाच्या यादींतून आलेली नव्हती.

आणि बाहेरचा माणूस? तो निषिद्ध नव्हे. 1957-58 पासून रणजी खेळणाऱ्या विदर्भास पहिला करंडक 2017-18 मध्यें मिळाला. त्या संघांत मुंबईचा वसीम जाफर होता, शिकविण्यास चंद्रकांत पंडित होते. पण कर्णधार फैज फजल नागपूरचाच होता. 2018-19 आणि 2024-25 मध्येंही करंडक नागपुरास गेला. पाहुण्यानें येऊन घरच्या मुलांस शिकवावें, हें निराळें. घरच्या मुलांस उठवून पाहुण्यास पाटावर बसवावें, हें निराळें. आमच्या सहकाऱ्याच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस असें एक दिवस उशिरानें सुचलें.

आम्हीं यादी फाडली नाहीं. सहांपैकीं दोन मुलें मैदान चालू होतें तेव्हांही सरावास येत नव्हतीं; त्यांचीं नांवें खोडलेलींच राहिलीं. उरलेलीं चार परत लिहिलीं. नांवापुरते प्रवेश रद्द केले, आणि पावसाळा संपल्यापासून स्पर्धा होईपर्यंत मैदान भाड्यानें देऊं नये असें प्राचार्यांस लेखी कळविलें. त्याचा परिणाम इतकाच, कीं प्रयोगशाळेचें उरलेलें अर्धें छप्पर लांबणीवर पडलें, आणि रसायनशास्त्राचे आमचे जुने स्नेही आमच्याशीं कामापुरतेंच बोलतात. त्यांचेंही चुकतें असें आम्हांस म्हणवत नाहीं. गळतें त्यांच्याच डोक्यावर!

पुढल्या वर्षीं आमचा संघ जिंकेल, असें आश्वासन आम्ही कोणास दिलेलें नाहीं. कदाचित् पुन्हां पहिल्याच सामन्यांत परत यावें लागेल. हातमोजे मात्र आम्हीं त्या मुलास परत दिले. "नवीन येईल त्याला तूंच सांग," असें म्हणालों. तो कांहीं बोलला नाहीं. हल्लीं वसतिगृहाच्या न्हाणीघराचें सांडपाणी पिंपांत भरून चार मुलें सकाळीं सहा वाजतां खेळपट्टीवर शिंपडतात आणि रोलर ओढतात. फिरावयास निघालों कीं त्या रोलरचा आवाज फाटकापासूनच आमच्या कानीं येतो.