रंगाचा हात

भांड्याला कल्हई चढते, भिंतीला रंग चढतो, बुटाला पॉलिश चढते. तशीच मोटारीलाही चकाकी चढवावी लागते, अशी माझी अनेक वर्षांची समजूत होती. गेल्या डिसेंबरातील एका शनिवारी, पॉलिशचे यंत्र आयुष्यात प्रथमच हाती धरले, आणि ही समजूत संध्याकाळच्या आतच खोटी ठरली.

आमचे घर शिराळ्यात. नागपंचमीमुळे बत्तीस शिराळा हे नाव सर्वदूर पोहोचले आहे. परंतु मोरणेकाठच्या या गावात मोटार बाळगणाऱ्याचा रोजचा परिचय नागाशी नसतो, धुळीशी आणि उसाशी असतो. पेठ नाक्यावर पुणे–बंगळूर महामार्ग सोडून शिराळ्याकडे वळले, की गळिताच्या हंगामात ट्रॉल्यांची सोबत सुरू होते. बाहेर लोंबणारा उसाचा पाला अरुंद जागी गाडीच्या अंगाला घासून जातो.

गाडी वडिलांची. लाल रंगाची मारुती ८००, १९९६ सालची. या जातीची पहिली गाडी १९८३ साली ग्राहकाच्या हाती पडली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. आमची मात्र पंधरा वर्षांची मुदत संपल्यावरही पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण घेत चालतच राहिली. वडील रोज सकाळी चहाच्या आधी जुन्या सदऱ्याच्या फडक्याने ती पुसत. मी लवकर उठत नसे आणि गाडीला हातही लावत नसे, यावरून आम्हा दोघांत बोलाचाली होई. गेल्या जानेवारीत ते गेले. पहिल्या स्मृतिदिनी आईला त्याच गाडीतून न्यावे आणि त्या दिवशी गाडी नव्यासारखी दिसावी, एवढाच माझा मनोदय होता.

गावातल्या ओळखीच्या पेंटरने यंत्र उसने दिले आणि शिकवायला स्वतः आला. त्याने प्रथम पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन डिकीवर चोळले. फडके लाल झाले. "सर, हिच्या रंगावर पारदर्शक थर नाही. जे उतरेल तो रंगच," तो म्हणाला. उन्हाने रंगाला धरून ठेवणारा भाग वरवर कुजतो आणि रंग खडूसारखा सुटू लागतो. लालाचा गुलाबी होतो तो असा. मग त्याने गाडी उन्हात वळवून टप दाखवला. त्यावर कोळिष्टकासारखी बारीक वर्तुळे उमटली होती. मी म्हटले, "उसाच्या ट्रॉल्या!" तो हसला. "पाल्याचा ओरखडा लांब आणि सरळ असतो. ही गोल वर्तुळं कोरड्या फडक्याची. धूळ म्हणजे वाळूच. तिच्यावरून फडकं फिरवलं की ती काचेसारखी कापते."

मी गप्प झालो. जवळजवळ तीस वर्षांच्या सकाळी माझ्यासमोर वर्तुळावर्तुळाने मांडून ठेवल्या होत्या. ज्या मायेने ते गाडी जपत होते, त्याच मायेने तिला ओरखडत होते. आणि ते त्यांना ठाऊक नव्हते, मलाही नव्हते.

"हे ओरखडे भरून निघतील?" मी विचारले.

"ओरखडा भरत नाही, सर. त्याच्या आजूबाजूची जमीन तेवढी खाली आणायची, म्हणजे खड्डा उरत नाही."

कारखान्यातून येणाऱ्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा-सातवा भाग. त्यातही खालचा प्रायमर वजा केला, तर खर्चायला फारच थोडे उरते. प्रत्येक पॉलिश या ठेवीतून काही काढते आणि परत कधी भरत नाही. चकाकी चढत नाही, ती उतरवून मिळते. तीही मोजक्याच वेळा.

गाडी सावलीत आणली, भरपूर पाण्याने धुतली, कडांना आणि रबराच्या पट्ट्यांना कागदी टेप लावली. डिकीवर वीतभर जागा प्रयोगाला घेतली. फिरत्या गादीवर कंपाउंड लावून यंत्र आधी बंद असतानाच टेकवायचे, पसरवायचे आणि मगच हळू वेगाने सुरू करायचे, असे त्याने दोनदा बजावले होते. मी यंत्र हवेतच सुरू केले. कंपाउंडचे शिंतोडे माझ्या चष्म्यावर, सदऱ्यावर आणि भिंतीवर उडाले. ओट्यावर बसलेली आई हसली. वर्षभरात ती तशी हसल्याचे मला आठवत नव्हते.

हळूहळू हात बसला. दाबायचे नाही, यंत्राचे वजन पुरेसे असते. एका जागी थांबायचे नाही. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा यावा. आधी उभा, मग आडवा. मधूनमधून पत्र्यावर तळहात ठेवून तो किती तापला ते पाहायचे. दुपारपर्यंत टप झाला, आणि त्यात अंगणातले शेवग्याचे झाड पानापानाने दिसू लागले. पेंटर आपल्या कामाला गेला. मला चेव चढला.

संध्याकाळी बॉनेट उरले होते. डाव्या दिव्याजवळच्या कडेवरची टेप निघून आली होती. ती पुन्हा लावण्याचा मी कंटाळा केला. उंचवट्यावर रंग मुळात पातळ, तिथेच गादीचा सारा जोर पडतो. क्षणभर थांबलो असेन. गादी उचलली, तर लालात चिंचोक्याएवढा करडा प्रायमर उघडा पडला होता.

मी यंत्र बंद केले. वडील तीस वर्षे पुसत राहिले, तरी त्यांच्या हाताने रंग कधी संपला नाही. माझ्या एका दिवसाच्या प्रेमाने तो संपवला.

दुसऱ्या दिवशी पेंटर आला. "रंग आहे तोवर यंत्राचं काम, संपला की ब्रशाचं," म्हणून त्याने बारीक ब्रशाने ठिपका भरला. जुना लाल आणि नवा लाल काही जुळले नाहीत. चालकाच्या दारावर, किल्लीच्या छिद्राभोवती, काही खोल रेघा होत्या. शेवटच्या वर्षी वडिलांचा हात थरथरू लागला, तेव्हाच्या. त्याने त्यांवरून नख फिरवले, नख अडकले. "ज्यात नख अडकतं, ते पॉलिशने जात नाही. घालवायला गेलात तर सगळा रंग जाईल." मी त्या रेघा तशाच राहू दिल्या. त्यात भावनेचा भाग होता. पण मुख्यतः दुसरा उपाय नव्हता.

स्मृतिदिनी आई दार उघडण्यापूर्वी थांबली. तिने त्या रेघांवर बोट ठेवले, मग बॉनेटवरच्या ठिपक्याकडे पाहिले. "हे त्यांचं, आणि ते तुझं," एवढेच म्हणाली आणि आत बसली.

परवा सकाळी लवकर जाग आली. बाहेर गाडीवर धूळ बसली होती. खुंटीवर वडिलांचे फडके तसेच होते. नकळत ते हाती घेऊन मी बॉनेटकडे वळलो. मागून आईचा आवाज आला, "अरे, आधी पाणी घे."

मी बादली भरायला गेलो.