बनी तो बनी, नहीं तो परभणी!

तुमचे आईवडील गावाकडून तुमच्या शहरात राहायला आलेत कधी? आले असतील तर तुम्हाला माहीत असेल. ते टुरिस्ट म्हणून येत नाहीत, इन्स्पेक्शनला येतात!

माझे जानेवारीत आले. आई, अण्णा आणि धाकटा भाऊ. परभणीला रात्री देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसले आणि सकाळी मुंबईत हजर. सोबत दोन पिशव्या ज्वारीचं पीठ, कारण 'तिथलं पीठ चांगलं नसतं'.

थोडं बॅकग्राऊंड सांगते. मास कॉम करून मी तीन वर्षं नोकरी केली आणि मागच्या वर्षी ती सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं. अण्णांच्या डिक्शनरीत फ्रीलान्सचा अर्थ एकच, बेकार! मी पहिल्यांदा मुंबईला निघाले तेव्हा परभणीच्या प्लॅटफॉर्मवर त्यांनी आमच्याकडची फेमस म्हण ऐकवली होती, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. म्हणजे जमलं तर जमलं, नाहीतर घर आहेच. तेव्हा ती ऐकून धीर आला होता. पण नोकरी सोडल्यापासून फोनवर त्या म्हणीचा फक्त दुसरा भाग ऐकू यायला लागला.

त्यामुळे ही ट्रिप म्हणजे माझी परीक्षाच. गेट वे झालं, राणीची बाग झाली, सिद्धिविनायक झाला. अण्णांचं गणित मात्र चालूच. ''एवढ्या भाड्यात आपल्याकडं तीन खोल्या मिळतेत.'' लोकलची गर्दी बघून आई तर गप्पच झाली. तिसऱ्या संध्याकाळी मी थकून त्यांना प्रभादेवीला कीर्ती कॉलेजच्या गल्लीत नेलं. गरम वडा, लसणाची लाल चटणी आणि वर तो कुरकुरीत चुरा!

अण्णांनी वडापाव उलटसुलट करून पाहिला. ''हा तर आपला आलूबोंडाच की!'' मग एक घास. मग सगळा. मग दुसरा. ज्या माणसाने लग्नाच्या बुफेतही खुर्ची शोधली, तो फुटपाथवर उभा राहून खात होता. शेवटी हात पुसत म्हणाले, ''हे घरी करता येतं का गं?''

तीन दिवसांत त्यांना आवडलेली ही पहिली गोष्ट. मी फुल कॉन्फिडन्समध्ये म्हटलं, ''त्यात काय! येते तेव्हा करते.''

आता मुंबईत वर्षानुवर्षं वडापाव खाणाऱ्यालाही वाटतं, की आपल्याला तो करता येतो. पण तो आहे काय, याचा विचार आपण कधी करतो? वडापावचं श्रेय साधारणपणे अशोक वैद्य यांना दिलं जातं. 1966 मध्ये दादर स्टेशनबाहेर त्यांनी वडा पावात घालून द्यायला सुरुवात केली. गिरणी कामगाराला घाईत, स्वस्तात, एका हातात धरून खाता येईल असं काहीतरी हवंच होतं. त्यातला बटाटा आणि मिरची मूळच्या अमेरिका खंडातल्या, पोर्तुगीजांमुळे इकडे आल्या. 'पाव' आणि 'बटाटा' हे शब्दही त्यांचेच. आपला म्हणावा तो हरभरा, म्हणजे बेसन. आणि हरभरा तर आमच्या परभणीच्या काळ्या मातीत भरपूर!

फेब्रुवारीत घरी गेले. परभणीत उरुसाचे दिवस, पाहुणे, गडबड. वडापाव आता आमच्याकडेही गाड्यांवर मिळतो, पण अण्णांना 'तसलाच' हवा होता.

वडा सोपा वाटला आणि तिथेच पहिलं भांडण झालं. आईच्या आलूबोंड्यात जिरं आणि बडीशेप. मला हवी आलं, लसूण, मिरचीची जाडसर भरड, मोहरी आणि हिंगाची फोडणी. ''बडीशेपेशिवाय काय चव लागंल?'' शेवटी तह झाला. सारण माझं, चटणी तिची.

खरा घोळ झाला पावाचा. विकत आणलेला पाव गोडसर निघाला, चटणीशी त्याचं जमेचना. मग भावाने ऑनलाइन मागवलेल्या ओव्हनवरची धूळ झटकली आणि घरीच पाव करायला घेतला. पहिली बॅच म्हणजे विटा! कारण आई भाकरीचं पीठ मळते तसं मी घट्ट मळलं होतं आणि गोळे ऐसपैस लांब लांब ठेवले होते. दुसऱ्या वेळी पीठ हाताला चिकटेल इतकं सैल ठेवलं आणि गोळे एकमेकांना खेटून लावले. लादीपाव मऊ का असतो, ते तेव्हा कळलं. शेजाऱ्याला चिकटून फुगतो, म्हणून त्याच्या बाजूंना ओव्हनची थेट आच लागत नाही. अगदी नऊ अठ्ठावन्नच्या लोकलसारखं!

संध्याकाळी ताटं मांडली. पाव बरा होता. मऊ होता. पण दादरचा नव्हता, हे मला पहिल्या घासालाच कळलं. अण्णांनी एक संपवला, काही बोलले नाहीत. दुसरा वडा घेतला, पाव बाजूला सरकवला आणि आईकडून गरम भाकरी मागितली. भाकरीवर वडा कुस्करला, वर चटणी, वर चुरा. भावाने लगेच कॉपी केलं. मग आईने. आणि खरं सांगू? सॉल्लिड लागत होतं!

माझा चेहरा पडलेला पाहून अण्णा म्हणाले, ''वडा झक्कास झालाय. पाव तिथलाच चांगला. मे महिन्यात येऊ की खायला.'' मग थोडं थांबून, भाकरीकडे बघत, ''तुझ्या त्या कामाचे पैसे टायमावर देतेत का गं?''

वर्षभरात त्यांनी पहिल्यांदाच 'नोकरी कधी' याऐवजी 'काम' हा शब्द वापरला होता. मी म्हटलं, ''नाही देत. दोन-दोन महिने लावतात.'' ते म्हणाले, ''मग फोन करत जा. लाजू नको.''

मे महिन्याची तिकिटं काढली आहेत. या वेळी दोन नाही, चार पिशव्या पीठ येणार आहे.

करून बघायचंय?

पाव : 400 ग्रॅम मैदा, दीड चमचा इन्स्टंट यीस्ट, 2 चमचे साखर, 1 चमचा मीठ, 270 मिली कोमट दूध-पाणी, 2 मोठे चमचे लोणी. 10-12 मिनिटं मळा, तासभर झाका. 9 गोळे खेटून लावा, अर्धा-पाऊण तास फुगू द्या. 200 अंशांवर 15-18 मिनिटं भाजा. काढल्यावर लोणी लावून ओलसर कापडाखाली ठेवा.

चटणी : अर्धी वाटी किसून भाजलेलं सुकं खोबरं, 10-12 लसूण पाकळ्या, 2 चमचे लाल तिखट, मीठ. पाणी न घालता कुटा.

चुरा : वडे तळून झाले की उरलेलं बेसन थोडं पातळ करा आणि झाऱ्यातून गरम तेलात पाडा. कुरकुरीत झालं की काढा.

पाव फसला तर? भाकरी आहेच!