दांडपट्टा की फेन्सिंग? एका डॉक्टरच्या नजरेतून

"डॉक्टर, पोरीला दांडपट्टाच शिकवू, की ते जाळीचा मास्क घालून खेळतात ते फेन्सिंग? खरी तलवारबाजी कुठली?" लोणी काळभोरच्या माझ्या दवाखान्यात एका वडिलांनी विचारलं. चौदा वर्षांच्या मुलीचा उजवा खांदा दुखत होता. खांद्याचं औषध दोन मिनिटांत लिहून झालं. प्रश्नाचं उत्तर मोठं आहे, म्हणून हा लेख.

दोन शस्त्रं, दोन शरीरं

दांडपट्टा तुम्ही शिवजयंतीच्या मिरवणुकीत पाहिला असेल. कोल्हापूरच्या तालमींनी तो पिढ्यान् पिढ्या जपला आणि १९ फेब्रुवारी २०२४ रोजी तो महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. त्याचं पातं लांब, सरळ आणि लवचीक असतं. हात लोखंडी खोबळ्यात जातो आणि आतली आडवी दांडी मुठीत धरली की मनगट जवळजवळ वाकतच नाही. मग पातं फिरवायची ताकद खांदा, कंबर आणि पायांतून येते. खांद्याचा सांधा जागेवर धरून ठेवणारे चार छोटे स्नायू असतात, त्यांना आम्ही रोटेटर कफ म्हणतो. सराव एकदम वाढवला की पहिली तक्रार तेच करतात. त्या मुलीचं दुखणं हेच होतं.

फेन्सिंगमध्ये फॉइल, एपे आणि सेबर अशी तीन शस्त्रं. फॉइल आणि सेबर ५०० ग्रॅमच्या आत, एपे ७७० ग्रॅमच्या आत. इथे काम बोटांचं, मनगटाचं आणि मुख्य म्हणजे पायांचं. पुढचा पाय झेपावत टाकायचा, पुन्हा मागे यायचं. त्यामुळे पुढचा गुडघा, मागचा घोटा आणि जांघेतले स्नायू दुखावतात. वर्षानुवर्षं एकाच बाजूने खेळल्यावर एक मांडी दुसरीपेक्षा जाड झालेली दिसते. दांडपट्ट्यात दोन्ही हातांत पट्टे घेऊन फिरवण्याची पद्धत आहे, हा त्याचा मोठा गुण.

"लागलं" म्हणजे नक्की काय?

मला खरा फरक इथे वाटतो. फेन्सिंगचं मूळ युरोपातल्या जुन्या तलवारीत आहे. इटलीत रेपियर नावाची लांब, टोकदार, साधारण किलोभर वजनाची तलवार होती. साल्वातोर फाब्रिस (१६०६) आणि रिदोल्फो कापोफेरो (१६१०) या उस्तादांनी तिच्यावर ग्रंथ लिहिले. त्यांच्या शिकवणीचं सार एवढंच: समोरच्याला टोचताना त्याच्या पात्याची वाट तुमच्या पात्याने बंद झालेली हवी.

आता आजचा एपे पाहा. टोकावर ७५० ग्रॅमचा दाब पडला की दिवा लागतो. दोघांचे वार सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत लागले, तर दोघांनाही गुण. डोळ्याने पाहून हात हलवायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात, म्हणजे हा निवाडा यंत्रच करू शकतं. पण खऱ्या लढाईत असा "दोघांना एक-एक" म्हणजे दोन प्रेतं.

वैद्यकशास्त्र जुन्या उस्तादांच्या बाजूने आहे. छातीत वर्मी वार बसून हृदय थांबलं, तरी मेंदूत उरलेल्या ऑक्सिजनवर माणूस साधारण दहा सेकंद शुद्धीवर राहू शकतो. तेवढ्या वेळात तो उलटा वार करतो. पोटात टोचलेला तर चालत घरी जाई आणि आतडं फुटून पसरलेल्या जंतुसंसर्गाने काही दिवसांनी मरे. म्हणून आधी स्वतःचा बचाव. पट्टेकरी स्वतःभोवती पात्याचं कडं फिरवत ठेवतो, त्यामागेही हाच हिशेब आहे.

सुरक्षिततेत कोण पुढे?

इथे फेन्सिंग निर्विवाद पुढे आहे. १९८२ साली रोमच्या जागतिक स्पर्धेत सोव्हिएत खेळाडू व्लादिमीर स्मिर्नोव्ह याच्या मास्कमधून मोडलेलं पातं आत घुसलं आणि तो दगावला. त्यानंतर मास्क, कपडे आणि पात्यांचे नियम कडक झाले. आपल्याकडे मिरवणुकीत धारदार पट्टा फिरतो आणि दोन हातांवर लहान मुलं उभी असतात. तळहातावरचं लिंबू कापणं बघायला छान, पण बोटं हलवणाऱ्या शिरा त्याच तळहातातून जातात. मुलांच्या सरावाला बोथट पातं, डोळ्यांना संरक्षण आणि प्रेक्षकांसाठी आखलेलं रिंगण, एवढं तरी हवंच.

जखम झाली तर

• टोचलेल्या जखमेचं तोंड छोटं असतं, खोली दिसत नाही. "एवढंसंच लागलंय" म्हणून घरी थांबू नका.
• घुसलेली वस्तू उपसू नका, तीच रक्त अडवून धरत असू शकते. ती हलणार नाही असं कापड बाजूने लावा.
• साध्या कापलेल्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. हळद, चहापूड, चुना लावू नका.
• बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल, तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा.
• पोटात किंवा छातीत लागलं असेल तर खायला-प्यायला काही देऊ नका. रुग्णालय गाठा.
• धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

हेच नियम ऊसतोडीच्या कोयत्याला आणि घरातल्या स्क्रूड्रायव्हरलाही लागू आहेत.

माझं मत विचाराल तर दोन्ही खेळ खरे आहेत. स्पर्धा, गुण आणि वेग हवा असेल तर फेन्सिंग. दोन्ही बाजूंचं शरीर आणि आपला वारसा हवा असेल तर दांडपट्टा. खेळ निवडण्याआधी एक दिवस सराव बघायला जा. शिकवणारे वार आधी शिकवतात की बचाव, ते पाहा. बचाव आधी शिकवत असतील, तर मूल निर्धास्त पाठवा.