दुपारचे आकडे

१९ एप्रिल, शनिवार
जेवून अण्णा हात धुवायला उठले आणि फ्रीजला धरून उभे राहिले. डोळ्यांपुढे अंधारी. ‘ऊन लागलं.’ स्वयंपाकघरात कुठलं ऊन?

२० एप्रिल
सकाळी बीपी १४८/८०. नेहमीसारखंच. दवाखान्यातही सकाळीच मोजतात.

२२ एप्रिल, मंगळवार
डॉक्टर म्हणाले, जेवणाआधी मोजा, नंतरही मोजा. दोन तासांच्या आत वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर कळवा. जेवल्यावर रक्त पोटाकडे ओढलं जातं. एरवी हृदय जरा जोरात चालतं, बाकीच्या रक्तवाहिन्या आवळतात, दाब टिकतो. उतारवयात हे सगळं मंदावतं. मधुमेह, पार्किन्सन असेल तर अधिक. अण्णांना साखर आहेच.
रिक्षात अण्णा : ‘वाढतं म्हणून गोळी, आणि आता उतरतं म्हणून काळजी. एकदा काय ते ठरवा.’

२३ एप्रिल
जेवणाआधी १४४/७८. अर्ध्या तासाने १२६/७०. पाऊण तासाने ११२/६२. खात्री पटेना, पट्टा पुन्हा बांधला. ११४. अण्णा जांभया देत होते. त्यांच्या मते ही वामकुक्षीची वेळ, यात आजार कसला?

२४ एप्रिल
ताटात भात निम्मा. भात, साखर, मैदा याने दाब जास्त उतरतो म्हणे. एकदम भरपेट नको, थोडं थोडं, चार वेळा. जेवणाआधी दोन फुलपात्रं पाणी. त्यांना इतकं चालेल का, ते फोन करून विचारून घेतलं.
‘येरवड्याला टाकलंत मला.’

२६ एप्रिल
शतपावलीवरून भांडण. यांची शतपावली म्हणजे गच्चीवर ताडताड फेऱ्या. डॉक्टरांचं म्हणणं, चालताना दाब टिकतो, थांबलात की घसरतो. म्हणून घरातच, सावकाश, कुणीतरी सोबत हवं. संपलं की उभं राहायचं नाही, बसायचं. आणि ताटावरून उठण्याआधी खुर्चीतच टाचा वर-खाली, पोटऱ्या आवळायच्या, म्हणजे पायातलं रक्त वर ढकललं जातं.
तीस वर्षं कवायत शिकवलेल्या माणसाला खुर्चीतली कवायत!

२७ एप्रिल
केली. रागाने केली. धोतराच्या काठाखाली टाचा उचलल्या जातात, उजवी जरा उशिरा. अंगठ्याचं नख काळं पडलंय, कधी लागलं ते सांगितलं नाही. मग दिवाणखाना ते देवघर, हळूहळू. पाऊण तासाने १२८/७०.

२८ एप्रिल
१३०.

३० एप्रिल, अक्षय तृतीया
आमरस-पुरी. पाहुणे. मी वाढण्यात, अण्णा आग्रहात. वाट्या मोजल्या नाहीत. पाणी नाही, टाचा नाहीत, फेऱ्या नाहीत. पाहुण्यांना पोचवायला दारापर्यंत गेले आणि माझ्या खांद्यावर हात टाकला. हा माणूस आजवर कुणाच्या आधाराने चालला नाही. हात जड होता. आडवं केलं, पाय उशीवर. १०२/५८.
पाहुणे म्हणाले, रस सुस्तावतोच.

१ मे
बाथरूममध्ये कडी लावू नका म्हटलं. उत्तर नाही. कडी लावली.

३ मे
आज सांगावं लागलं नाही. पाणी प्यायले, टाचा झाल्या, देवघरापर्यंत फेऱ्याही. १२६/७०. वर मलाच, ‘पाठ सरळ! चालतेस कशी?’
सोमवारी वही घेऊन दवाखाना. बीपीची गोळी नाश्त्याबरोबरच घ्यायची का, ते विचारायचं. रसाचंही विचारायला सांगितलंय अण्णांनी.