बिनयूचा क्यू

स्क्रॅबल खेळणाऱ्या मुलांना सर्वांत जास्त धास्ती कोणत्या अक्षराची, असे विचारले तर बहुतेक जण क्यू म्हणतील. डब्यात 100 सोंगट्या असतात, 98 अक्षरांच्या आणि 2 कोऱ्या. त्यात ई 12 वेळा, यू 4 वेळा आणि क्यू एकदाच. गुण मात्र 10. हे प्रमाण आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने बसवले. 1930 च्या दशकातल्या मंदीत त्याचे काम गेले होते. वर्तमानपत्रातली अक्षरे मोजून कोणते अक्षर किती वेळा येते, याचा हिशेब त्याने मांडला. इंग्रजीत क्यू क्वचित येतो आणि आला तर शेजारी यू घेऊनच येतो. म्हणून हातात क्यू आहे आणि यू नाही, म्हणजे गाडी अडली. डाव संपला तेव्हा तो हातातच राहिला, तर 10 गुण वजा.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. इंग्रजी माझा विषय नाही. तरी पावसाळ्यात ऑफ तासाला मुलींना हा खेळ काढून देते. एकदा आठवीतली एक मुलगी क्यू हातात धरून म्हणाली, "आपा, यू नहीं है. वापस डाल दूँ?" अक्षर परत टाकता येते, पण एक पाळी जाते. मी म्हटले, "इसको क़ाफ़ समझ के सोच." ती थोडा वेळ गप्प राहिली आणि तिने एन, आय, क्यू, ए, बी अशी अक्षरे मांडली. निकाब! मोबाईलवरच्या शब्दसूचीत पाहिले, शब्द होता. 16 गुण. बाकीच्या मुली ओरडल्या, "ये तो अपना लफ़्ज़ है, अंग्रेज़ी कैसे?"

प्रश्न रास्त होता. पण भारतातल्या स्पर्धांत जी कॉलिन्सची सूची चालते, तिच्यात यूशिवाय क्यू असलेले शब्द पाहा. फकीर, तलाक, वक्फ, बुरका, किब्ला, कसीदा, कव्वाल, कलमदान, मुकद्दम. चिनी 'ची' हा दोन अक्षरी शब्दही आहे, पण मोठा वाटा अरबीतून आलेल्यांचा. अरबी क़ाफ़ इंग्रजीत लिहिताना क्यू वापरला गेला आणि यूची सोबत सुटली. कव्वाली तर सात अक्षरांची. सातही सोंगट्या एका पाळीत लागल्या तर 22 गुण आणि वर 50 बक्षीस.

खरे तर क्यू आणि क़ाफ़ एकाच घरातले. दोघांचे मूळ फिनिशियन लिपीतले क़ोफ़. एक फांदी ग्रीक-रोमनांकडून युरोपात गेली, दुसरी अरबीपर्यंत आली. रोमनांनी क्यूला यूची जोड दिली, ती इंग्रजीत अजून टिकून आहे. अब्जदच्या हिशेबात क़ाफ़ची किंमत 100, स्क्रॅबलमध्ये 10.

मराठीने वेगळी वाट धरली. तिने क़ाफ़ला सरळ क केले आणि शब्द घरात घेतले. कायदा, किल्ला, किंमत, हक्क, बाकी, फरक, कुलूप. ऊसतोड टोळीचा मुकादम म्हणजे त्या सूचीतला मुकद्दमच. आमच्या दखनीत क़ाफ़चा ख होतो, म्हणून मुली वक़्तला वख्त म्हणतात. त्यावरून त्यांना हसणारे भेटतात. मी मुलींना सांगते, मराठीत 'वखत' आहे, तोही याच वाटेने आलाय. लिहिताना क़ाफ़ लिहा, बोलताना लाजू नका.

बी.एड.ला आम्हाला 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे सूत्र शिकवले होते. इंग्रजीला घाबरणाऱ्या या मुलींच्या बाबतीत ज्ञात म्हणजे त्यांच्या घरातली बोली. ती परकी नाही, इंग्रजी शब्दकोशालाही ती लागते, एवढे कळले की पोरी पुढचे शब्द स्वतः शोधतात.

या अक्षराची दुसरी बाजू खेळाच्या बाहेर आहे. इक्बाल, रफीक, कादरी, काझी या नावांत क्यूनंतर यू लिहायचा की नाही, हे प्रत्येक टेबलावर वेगळे ठरते. जन्मदाखल्यावर यू नाही, ओळखपत्रावर आहे, बँकेच्या पासबुकात क्यूच्या जागी के. मग शिष्यवृत्तीचा अर्ज परत येतो, बाप रोजंदारी बुडवून प्रतिज्ञापत्र करायला जातो. एका अक्षराची ही किंमत 10 गुणांपेक्षा फार जास्त आहे.

स्क्रॅबलमध्ये विशेषनामे चालत नाहीत. त्यामुळे यांच्या नावांचे स्पेलिंग कोणत्याही सूचीत सापडणार नाही, ते घरानेच ठरवायचे. म्हणून दहावीचा अर्ज भरण्याच्या वर्षभर आधी मी मुलींना सगळी कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवून अक्षर अक्षर जुळवायला लावते. क्यूसोबत यू हवा असेल तर सगळीकडे लिहा. नको असेल तर कुठेच लिहू नका, आणि समोरचा कारकून घालायला लागला तर अदबीने, पण ठामपणे नाही म्हणा.