कुळथाची राखण

डिसेंबर उजाडला की पणजीतले लोक स्वेटर शोधू लागतात आणि आम्हा पेडणेकरांना हसू येते. समुद्राकाठची ती कसली थंडी! थंडी पाहायची तर इब्रामपूरला यावे. कळणा नदीवरून पहाटे धुके उठते ते मळ्यात भरते, मळ्यातून माडांत शिरते आणि आठ वाजले तरी हलायचे नाव घेत नाही. पलीकडे महाराष्ट्र, अलीकडे आम्ही... धुक्याला हद्द कळत नाही. माणसांनाही ती फारशी कळली नाही म्हणा. १७८८ मध्ये पेडणे सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेले, १९६१ मध्ये सुटले. पण आमच्या सोयरिकी आणि आमचे दहीकाले तेव्हाही पलीकडूनच येत होते, आजही येतात.

आमचे घर मातीचे, कौलारू. पुढे शेणाने सारवलेले खळे, मागे गोठा आणि गोठ्याला लागून न्हाणी. थंडीत घराचा कारभार चुलीवरून नव्हे, न्हाणीतून चालायचा असे मला अजून वाटते. आजी पहाटे चारला उठून भाणाखाली माडाचे पिडे आणि काजूची सुकी लाकडे सारायची. आम्ही पोरे अंथरुणातून उठून थेट विस्तवापुढे उकिडवी बसायचो. "उदक तापलां रे, न्हावून घे," हे ती दहादा सांगायची. आंघोळ हे निमित्त, शेकणे खरे! राखेत कणगी पुरलेली असायची. जो आधी न्हाईल त्याला मोठी. आजीचा कायदा.

भात कापून झाले की जमिनीत ओल आहे तोवर कुळीथ आणि आळसांदे पेरायचे. मिरचीच्या वाफ्यांना लाटेने पाणी काढावे लागे. बाबा लाटेवर आणि मी पायाने पाट मोडत पाण्यामागे, अशी आमची सकाळ जायची. कुळथाला ते लाड नाहीत. तो दवावर वाढतो. त्याला एकच गोष्ट लागते, ती म्हणजे राखण. रानडुकरे एका रात्रीत शेत उलटेपालटे करतात. म्हणून मळ्याच्या कडेला माळा बांधलेला असायचा, आणि रात्रभर डबा वाजवत कुणीतरी त्यावर बसायचा. आमच्याकडे ते काम बाबांचे.

मी नववीत होतो त्या वर्षी पौषात बाबांना ताप भरला. "मी बसतो," असे मीच छातीठोकपणे सांगितले. चुलतभाऊ सोबतीला आला. अकरापर्यंत आम्ही डबा बडवला. मग शेजारच्या गावातून मृदंग ऐकू येऊ लागला. दहीकाला! "नुसतो संकासूर बघून येऊया," भाऊ म्हणाला. संकासूर म्हणजे अगदी सुरुवात, अर्ध्या तासात परत... पण दशावतार अर्ध्यावर सोडून उठलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. आम्ही परतलो तेव्हा पूर्वेला फटफटले होते आणि अर्धे शेत नांगरल्यासारखे झाले होते.

बाबा घोंगडी पांघरून आले. मी मार खायला तयार होतो. ते मेरेवर बसले, उपटून पडलेली झाडे एकेक उचलून माती झटकू लागले. शेंगा अजून हिरव्याच होत्या. त्यांनी पेंढ्या बांधल्या, दोन माझ्या डोक्यावर दिल्या. "गोरवां तरी खातली." वाटेत बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "संकासूर कोण जाल्लो?"

मी नाव सांगितले. त्यांनी मान हलवली. बस्, एवढेच. त्या पावसाळ्यात आईने पिठीसाठी कुळीथ बाजारातून आणला. पानात पिठी पडली की मी खाली मान घालून जेवायचो. घरात कुणी त्याबद्दल एक शब्द काढला नाही, आणि तेच मला जास्त लागायचे.

बाबा आता नाहीत. शेती धाकटा भाऊ पाहतो. हल्ली डुकरांपेक्षा गवे जास्त. ते डब्याला भीत नाहीत. पलीकडे दोडामार्गात तर २००२ पासून हत्तीही आहेत. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला, तेव्हापासून पारावर पिकापेक्षा जमिनीच्या दराच्या गप्पा जास्त. गेल्या हिवाळ्यात गव्यांनी कुळीथ तुडवला तेव्हा भाऊ म्हणाला, "फुडल्या वर्सा कुळीथ नाका." त्याचे चूक नाही. एकट्याने किती रात्री जागायच्या? आणि मी, पणजीत बसून पेर म्हणून सांगणारा कोण? आई काही बोलली नाही. तुडवलेल्यातून निवडलेले चार शेर दाणे तिने राखेत घोळून मडक्यात भरले आणि मडके फडताळावर ठेवले. नेहमीसारखे.

यंदा कार्तिकात भावाचा फोन आला. "आयेन मडके काढलां. एका कोपऱ्यात टाकतंय. राखणेक येशी?"

गेलो. आता माळा नाही, मांगराच्या पायरीवर दोन खुर्च्या, एक टॉर्च आणि थर्मास. मोपाच्या बाजूला विमानाचा दिवा खाली उतरताना दिसत होता. साडेअकराच्या सुमारास वाऱ्यावरून मृदंग आला. मी कान दिला. भावाने ते पाहिले.

"जा जाल्यार, मी आसंय," तो म्हणाला.

"थंडी आहे," मी म्हटले, आणि थर्मासमधला चहा दोघांना ओतला.