कांदा कुठला?

बाजारात भाजीवालीसमोर उभे राहिल्यावर आपण बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो भावाचा. माझ्या माहेरी, कुमठ्याकडे, भावाच्या आधी दुसरा एक प्रश्न विचारण्याची रीत होती. तो म्हणजे 'कांदा कुठला?' विकणारीनेही त्याचे उत्तर गावाच्या नावाने द्यायचे, आणि तेवढ्यावरून घेणारीने ओळखायचे, की हा कांदा कच्चा खाण्याजोगा आहे की नुसता वाटणात घालण्याजोगा. परगावच्या माणसाला ही चौकशी विनाकारण वाटे. एकाच जातीचे, एकाच रंगाचे फळभाजीसारखे दिसणारे ते गोळे. त्यांना कुळगाव कसले? पण मुलांनो, कांद्याला कुळगाव असते. किंबहुना माणसापेक्षाही अधिक असते, कारण माणूस गाव सोडल्यावर काही वर्षांत बदलतो. कांदा मात्र ज्या मातीत वाढला तिची साक्ष सुरीखाली येईपर्यंत पोटात बाळगतो.

कुमठ्याच्या आसपास अळवेकोडी, हंदिगोण, वन्नळ्ळी अशी गावे आहेत. समुद्रालगतची रेताड जमीन, आणि तीत पिकलेला कांदा पातीसकट उपटून, वाळवून, त्याच्या वेण्या विणून महामार्गाच्या कडेला टांगलेला. उन्हाळ्यात त्या वाटेने गेलेल्यांनी हे लाल घोस पाहिले असतील. चवीला तो गोड. भाकरीबरोबर हाताने फोडून खावा, डोळ्यांतून टिपूस येणार नाही. गोव्यात पावसाळ्याच्या बेगमीला 'पुरुमेंत' म्हणतात. मडगावला मे महिन्यात त्या नावाचे फेस्तही भरते, आणि सुके मासे, कोकम, मिरची यांच्या जोडीला कांद्याच्या माळा घरी येतात. सबंध किनारपट्टीवर ही माळ चुलीवरच्या आढ्याला टांगण्याची चाल होती. धुराने ती कोरडी राही. सौम्य कांद्याला टिकवायचे तर त्याची अशी बडदास्त ठेवावी लागते, हे मला फार पुढे उमगले.

लग्नानंतर मी मच्छ्याला आले. येथे प्रथम कांदा चिरला त्या दिवशी डोळ्यांना जो पूर आला तो पाहून शेजारणींना वाटले असावे, की नव्या सुनेला माहेरची आठवण अनावर झाली! सासूबाई मात्र समाधानाने म्हणाल्या, "डोळ्यांतनं पाणी काढीत नाही तो कांदा कसला?" त्यांच्या दृष्टीने तिखटपणा हा कांद्याचा दोष नव्हता, ती त्याची अब्रू होती. मी मनातल्या मनात कुमठ्याची बाजू घेत राहिले, आजही घेते. परंतु दोन घरांच्या या वादात बरोबर कोण, यापेक्षा असा फरक पडतो तरी कशाने, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटू लागला. मी कलाशाखेची पदवीधर. रसायनशास्त्र माझा विषय नव्हे. तरीही शाळेच्या विज्ञानशिक्षकांना छळून आणि मिळेल ते वाचून जे हाती लागले ते सांगते.

कांद्याचे मूळ जमिनीतून गंधक शोषते. हे गंधक सल्फेटच्या रूपाने मातीत असते. कांदा त्यापासून काही विशिष्ट संयुगे बनवून आपल्या पेशींत साठवून ठेवतो. त्याच पेशीत, पण वेगळ्या कप्प्यात, एक विकर असते. जोवर कांदा अखंड आहे तोवर ही दोन बिऱ्हाडे एका छपराखाली राहूनही एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. म्हणूनच न कापलेल्या कांद्याला फारसा वास नसतो. सुरी लागली, भिंत कोसळली, की दोघांची गाठ पडते आणि क्षणार्धात तो झोंबणारा वायू निर्माण होतो. डोळ्यांत पाणी आणणारा हा वायू तयार होण्यासाठी आणखी एक स्वतंत्र विकर लागते, हे जपानी संशोधकांनी २००२ साली दाखवून दिले. त्याबद्दल २०१३ साली त्यांना 'इग नोबेल' हे, आधी हसवणारे आणि मग विचार करायला लावणारे पारितोषिकही मिळाले. या घडामोडीत पायरुविक आम्लही तयार होते, आणि ते मोजून शास्त्रज्ञ कांद्याचा तिखटपणा आकड्यांत सांगतात. आपली जीभ हेच काम आकड्यांवाचून करते.

आता मर्म ध्यानात येईल. जमिनीत गंधक मुबलक असेल तर कांद्याच्या कोठारात दारूगोळा अधिक. जमीन रेताड, पावसाने धुपलेली, गंधकाला गरीब असेल तर दारूगोळा कमी. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात १९३१ च्या सुमारास मोझ कोलमन नावाच्या शेतकऱ्याला आपल्या शेतातील कांदा तिखट नाही असे आढळले, तेव्हा तो आधी चकितच झाला. कारण होते तेथील वाळूमिश्रित, गंधक कमी असलेली जमीन. पुढे 'विडालिया' या नावाने त्या कांद्याची एवढी ख्याती झाली, की १९८६ साली राज्याने कायदा करून ठरवून दिले, की अमुकच भागात पिकलेल्या कांद्याला हे नाव लावता येईल. म्हणजे आमच्या आजीचा 'कांदा कुठला?' हा प्रश्न तेथे कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसला. आपल्याकडेही अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. भात निघाल्यावर त्याच शेतात लावला जाणारा हा कांदाही गोडच, आणि त्याच्याही माळा विणतात. कुलाबा जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटिअरात त्याचा उल्लेख आहे, ही गोष्ट मानांकनाच्या वेळी पुरावा म्हणून उपयोगी पडली.

तथापि सगळे श्रेय मातीला देऊन मोकळे होणे बरोबर नाही. बियाण्याचा वाटा मोठा असतोच. शिवाय उष्मा वाढला की तिखटपणा वाढतो, पाण्याचा ताण पडला की वाढतो, आणि खतानेही वाढतो. अमोनियम सल्फेटमध्ये जवळजवळ २४ टक्के गंधक असते, सुपर फॉस्फेटमध्ये ११-१२ टक्के. युरियात ते मुळीच नसते. सबब दोन सख्ख्या भावांनी एकाच बांधाच्या अलीकडे-पलीकडे एकच बी लावले, आणि एकाने हे पोते टाकले, दुसऱ्याने ते, तर दोघांच्या कांद्याची चव वेगळी निघू शकते. भाऊबंदकीचे हे एक नवे कारण कोणी कोर्टात नेले नाही, हे आपले भाग्य!

हे नुसते वाचून सोडावे असे वाटेना, म्हणून आठवीच्या मुलामुलींसह शाळेच्या मागच्या जागेत दोन वाफे केले. रोप एकाच घरचे, खत तेच, लावणी एकाच दिवशी. पहिल्या वाफ्याला काढणीच्या आदल्या दिवसापर्यंत पाणी दिले. दुसऱ्याचे पाणी माना पडू लागताच तोडले. पहिल्या वाफ्यातील कांदे गरगरीत, पाहून मुले हरखली. दुसऱ्यातील बेताचे, घट्ट, सालीला तांबूस झळाळी आलेले. मग प्रत्येक वाफ्यातला एकेक कांदा चिरून सर्वांनी चाखला. मोठा कांदा पाणचट आणि सौम्य, तर लहानाने दोन मुलांना तोंड धरून नळाकडे पिटाळले. उरलेले कांदे टोपल्यांत घालून ठेवले. शाळा उघडली, पाऊस लागला, आणि कांदेनवमीपर्यंत पहिल्या टोपलीतील निम्म्याहून अधिक कांद्यांना मऊपणा आणि दुर्गंध आला होता. दुसऱ्या टोपलीतील चारपाच कांद्यांना कोंब आले, एवढेच.

दोन वाफ्यांवरून सिद्धान्त मांडू नये, हे मला कळते. परंतु कांदा पिकविणाऱ्यांना हे पूर्वापार ठाऊक आहे. तिखट कांद्यात बहुधा पाण्याचा अंश कमी आणि घट्ट अंश जास्त असतो, म्हणून तो चाळीत टिकतो. गोड कांदा खायला सुखाचा, पण राखायला कठीण. आमच्या वर्गातील एका मुलीचे वडील त्या दिवशी वाफे पाहायला आले होते. त्यांनी मोठा कांदा हातात तोलला आणि म्हणाले, "बाई, तुमचा हा कांदा चवीला कसा का असंना, काट्यावर ह्योच जिंकतोय बघा. काटा चव इचारीत नाही." मी यावर काय बोलणार? पाणी आधी तोडले तर वजन घटते; नाही तोडले तर माल लौकर विकून टाकावा लागतो, मग भाव काही असो. ज्याच्याजवळ चाळ नाही आणि डोक्यावर कर्ज आहे, त्याने कोणता वाफा निवडावा, हे शहाणपणाने सांगण्याचा अधिकार पुस्तक वाचणाऱ्या बाईला नाही. आपल्या ताटातील चवीमागे असा हिशेब असतो, एवढे मात्र मुलांनी त्या दिवशी पाहिले.

कोबीची कथा याहून निराळी, पण कुळाचार तोच. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा, मोहरी ही सारी एका घराण्यातील. यांच्याही अंगात गंधक असते, तेही कप्पेबंद, आणि पान चिरले वा चावले की त्यापासून मोहरीसारखा झणका उत्पन्न होतो. ही योजना किडीला हाकलण्यासाठी. परंतु निसर्गाची गंमत अशी, की कोबीवरचे पांढरे फुलपाखरू नेमक्या याच द्रव्याच्या खुणेने कोबी ओळखते आणि तेथे अंडी घालते. पहारेकऱ्याच्या शिट्टीवरून चोराने घर शोधावे, तसलाच हा प्रकार.

कोबी आपल्याकडचा नव्हे. त्याचे नावच पोर्तुगीज 'कोव्ह' या शब्दावरून आले असे मानतात. थंड मुलखातला हा पाहुणा उष्म्याने आणि तहानेने त्रासला, की अंगातील उग्र द्रव्ये वाढवतो. पाने चिवट आणि कडवट होतात. थंडी पडली की उलट घडते. गारठ्यात पेशी गोठू नयेत म्हणून तो साखर साठवतो. युरोपात हिम पडून गेल्यावरचा कोबी गोड मानतात तो यामुळेच. आपल्याकडे हिम कोठले? पण बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. याला गरिबांचे महाबळेश्वर म्हणतात ते उगीच नव्हे. पौषातल्या रात्री येथे पारा १२-१४ अंशांपर्यंत उतरतो, तर पणजीत तो सहसा २० च्या आसपास थबकतो. रात्र गार असली की दिवसा पानांनी कमावलेली साखर श्वसनात कमी खर्च होते. म्हणून मार्गशीर्ष-पौषातील आपल्या शिवारातला कोबीचा गड्डा हातात घेतला की जड लागतो, चिरताना करकर वाजतो, आणि त्यावर मोहरीची फोडणी व ओले खोबरे घातले की गूळ घालण्याची गरज उरत नाही. चैत्र-वैशाखातला गड्डा घ्या. तेच खोबरे, तीच फोडणी, आणि तरीही जिभेच्या मागच्या टोकाला कडसर काहीतरी राहून जाते. त्यात तो फार शिजविला तर स्वयंपाकघरभर जो वास सुटतो, तोही गंधकाचाच. माझ्या माहेरी कोबी केवळ वाफेवर, झाकणात पाणी ठेवून करतात. त्यामागे ही शहाणीव असावी.

फ्लॉवर तर आणखी नाजूक. १८२२ साली सहारनपूरच्या कंपनी बागेत त्याचे बी इंग्लंडहून आणले गेले. येथील उष्म्याशी जमवून घेता घेता त्याचे जे देशी वाण तयार झाले, ते किंचित पिवळसर आणि चवीला उग्र. आजच्या गिऱ्हाइकाला शुभ्र फ्लॉवर हवा असतो; त्याला चव नसली तरी चालते. जमिनीत बोरॉन कमी पडले की हाच फ्लॉवर तपकिरी पडतो आणि कडू होतो. जास्त पावसाच्या, आंबट तांबड्या मातीत हे अधिक घडते. खानापूरकडे जाताना माती जसजशी तांबडी होत जाते, तसतसे हे दुखणे लक्षात ठेवायला हवे.

गोव्याच्या ताटातील भाजी किती बेळगावावर अवलंबून आहे, हे मार्च २०२० च्या टाळेबंदीत गाड्या अडकल्या तेव्हा तिकडच्यांना कळले. माझ्या गोव्याच्या मावशीने तेव्हा फोनवर विचारले होते, "तुमगेर कोबी आसा मगो?" आमच्याकडे होता, शेतातच पडून होता, कारण नेणारे कोणी नव्हते.

याच शिवारातून हलगा-मच्छे बायपास काढायचा ठरला, तेव्हा सुपीक जमीन जाते म्हणून शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला. न्यायालयाची पायरी चढले. २०२१ मध्ये पोलिस बंदोबस्तात काम पुढे रेटण्यात आले. रस्ते लागतातच, मीही रस्त्यानेच माहेरी जाते. भरपाईच्या कागदावर जमिनीचे क्षेत्र लिहिलेले असते, दर लिहिलेला असतो. पौषातल्या गड्ड्याची गोडी कोणत्या रकान्यात लिहावी, याची तरतूद त्यात नसते. दुसरीकडे जमीन घेता येईल, बीही तेच मिळेल. पण तीच माती, तोच उतार आणि तोच गारठा विकत मिळत नाही.

यंदा शाळेच्या वाफ्यात आम्ही कुमठ्याचे बी टाकले आहे. माहेरच्या माळेतील थोडे कांदे राखून भावाने ते धरले होते. निम्मे रोप येथल्या मातीत लावले, निम्मे नदीची वाळू मिसळलेल्या वाफ्यात. खत दोन्हीकडे शेणाचेच. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा पात वीतभर उंच असेल. सासूबाई रोज संध्याकाळी विचारतात, "तुझ्या माहेरचा कांदा झोंबायला शिकला का गं?" आठवीतल्या मुलांनी दोन्ही वाफ्यांवर पाट्या लावल्या आहेत, आणि माना पडल्या की पाणी कोणी तोडायचे यावरून त्यांची आतापासूनच भांडणे सुरू आहेत.